आठ पाकळ्यांचं बर्फ

सहा. सुई शिवणीत अर्धी घातलेली तशीच ठेवून मी पुन्हा मोजलं. सहाच. त्या पानावर बारा चित्रं होती. एका फुलाला भाल्यासारखी टोकं, एकाला नेच्याची पानं, एक नुसतंच चांदणीसारखं, पण सातवी पाकळी एकालाही नव्हती, मग आठवीची गोष्टच नको. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की बर्फाचा कण कुठल्याही देशात आणि कुठल्याही साली पडो, त्याला बाजू सहाच असतात, हा सृष्टीचा नियम आहे. पुस्तक वाचनालयाचं, वाळवीनं पाठ खाल्लेलं, नवी पाठ घालायला आमच्या छापखान्यात आलेलं. पाच वर्षांत मी शेकडो पुस्तकं शिवली असतील आणि आत काय आहे म्हणून त्यातली दहाही उघडली नसतील. शिवणाऱ्यानं वाचत बसलं तर शिवायचं कधी, असं हे म्हणायचे. आज दोरा गुंतला म्हणून पान उलटलं आणि सृष्टीचा नियम समोर येऊन बसला. तीनच दिवसांपूर्वी मी दोनशे कार्डं बांधून मारगीबाईंकडे मोटारीनं रवाना केली होती. निळ्या कागदावर पांढरं बर्फाचं फूल, आत हिवाळ्याच्या शुभेच्छा. दोनशे फुलं, आणि प्रत्येकाला आठ पाकळ्या.

माझे कान तापले. पलीकडे छपाईचं पायमशीन धडधडत होतं, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेल्या खळीचा तो ओळखीचा कडसर वास येत होता, सगळं रोजच्यासारखं होतं आणि मला मात्र भरबाजारात लुगड्याच्या निऱ्या सुटल्यासारखं झालं. मी पुस्तक मिटलं. परत उघडलं. माणूस किती वेडं असतं, मिटून उघडल्यावर एखादी पाकळी वाढेल असं मला खरोखर वाटलं होतं.

मारगीबाई म्हणजे मूल गावाच्या पुढे, सावली गावाच्या वाटेवर, धानाच्या बांध्यांमध्ये एक छोटा दवाखाना आहे तिथल्या गोऱ्या नर्सबाई. खरं नाव मार्गिट की काहीसं, पण गावच्या तोंडाला ते बसलं नाही. सतरा वर्षं इथे काढलेली बाई, मराठी शिकली ती त्या खेड्यातल्या बायांकडून, त्यामुळे बोलते थेट झाडीपट्टीतल्यासारखी. भादव्यात ती छापखान्यात आली. तिच्या देशातले लोक दरसाल औषधांच्या पेट्या पाठवतात, त्यांना हातानं केलेली कार्डं पाठवायची होती. गुणवंतरावांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, तिला माझ्यापुढे आणून उभं केलं आणि म्हणाले, “हे काम वच्छलाबाईचं. त्याच ठरवतीन कसं कराचं ते.” पाच वर्षांत पहिल्यांदा. हे गेल्यापासून यांच्या जागेवर बसून मी यांचीच कामं करत आले होते, रजिस्टरं, पावतीपुस्तकं, पंचांगं. दोरा तोच, टाका तोच. माझं म्हणून असं हे पहिलं काम. मारगीबाईनं बोटं वरून खाली हलवत आणली. “फूल. आभाळातून पडते. पांढरं, लई बारीक. तुले मालूम हाय ना, बर्फ कसं राह्यते ते?” मी म्हणाले, “हो.”

आता बर्फ मला कुठून मालूम असणार? चांद्यात बर्फ म्हणजे गोणपाटात आणि भुशात गुंडाळलेली लादी, स्टेशनावरून येते आणि घरी येईस्तोवर निम्मी होते. यांच्या तापात मी दोनदा आणली होती. ती काही फुलासारखी नव्हती. ती यांच्या कपाळावर फडक्यात विरघळत बसायची आणि उशी भिजवायची. पण मालकांसमोर, पहिल्या कामाला, एका परदेशी बाईनं विचारल्यावर नाही म्हणायचं कसं? शिवाय माझ्या तोंडातून हो फार पटकन निघतं. नमुना दाखवून आणावा असं मनात होतं, पण तिकडे हिवतापाची साथ सुरू झाली आणि बाईचा निरोप आला की मले फुरसत नाई, तुह्या हाताले येईन तसं कर. माझ्या हाताला काय येणार? कागदाची चौकोनी घडी घातली, पुन्हा घातली, मग कोपऱ्याला कोपरा लावून तिसरी घातली, कात्रीनं नक्षी काढली आणि उलगडलं. आठ पाकळ्या. दारापुढे अष्टदल कमळ काढणाऱ्या हाताला दुसरी घडी ठाऊकच नाही. मला ते इतकं सुरेख वाटलं की मी ते काचेवर चिकटवून दिवसभर पाहत राहिले. मग तो नमुना पत्रू लोहाराकडे नेला. त्यानं जुन्या कानशीचं पोलाद वळवून, जोडून, घासून त्याचा ठसा केला, कडेला अशी धार की अंगठा लावायची भीती वाटावी. चिंचेच्या ओंडक्यावर जाड पांढरा कागद ठेवायचा, वर ठसा, वर लाकडी मोगरीचा एकच ठोका. फट् करून फूल सुटायचं. दिवाळीच्या आधी आणि नंतर मी तो ठोका दोनशे वेळा मारला आणि प्रत्येक वेळी, खरं सांगते, लहान पोरीसारखी खूष झाले.

गुणवंतरावांना सांगितलं तेव्हा ते प्रुफं तपासत होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पुस्तकातलं चित्र पाहिलं, माझ्याजवळचं एक उरलेलं फूल पाहिलं आणि प्रुफांत परत तोंड घातलं. “कोन मोजते बाई? तिकडचे लोक कार्ड वाचतीन का पाकळ्या मोजत बसतीन?”

“त्यांच्या अंगणात पडते ते, भाऊ. आपल्या अंगणातल्या मोहाच्या फुलाले कोनी देठ दोन लावले तं आपल्याले समजनार नाई का?”

“समजू द्या. आता गप राहा. बोलान तं पुढच्या टायमाले असं काम तुमच्या हाती देऊ का नाई, याचा मले इचार करावा लागन.” रागावून नाही, हिशेबी आवाजात बोलले. वाईट माणूस नाही तो. हे गेल्यावर दुसऱ्या कुणी बाईमाणसाला सुईवर बसवलं नसतं, यांनी बसवलं. म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागलं. एवढं एक माझं म्हणून झालेलं काम, ते हातून जाणार. गप राहिले तर राहणार. इतकं सोपं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी पत्रूकडे गेले. मनात वेडी आशा अशी की बाईकडे कार्डं अजून पडून असतील, बोटीची डाक निघायला दोन दिवस असतील, ठशाच्या दोन पाकळ्या कानशीनं उडवल्या तर रातोरात नवी दोनशे फुलं पाडता येतील. पत्रू भात्यापुढे उकिडवा बसला होता. त्यानं ठसा उलटासुलटा केला, माझं ऐकून घेतलं आणि असा हसला की भात्याची दोरी हातातून सुटली.

“बाई, कोळ्याले आठ पाय राह्यते अन् मुंगळ्याले सहा. कोळ्याचे दोन तोडले म्हनून तो मुंगळा होते का? लंगडा कोळी होते.”

माझ्याही लक्षात आलं. दोन काढल्या तर उरलेल्या सहांच्या मधे दोन भोकं राहणार होती, पडलेल्या दातांसारखी. तरी मी म्हणाले की मग हा वितळव, याच्यातूनच नवा कर. तेव्हा मात्र तो हसायचा थांबला. “हे नाई होत. दसऱ्याले ऐरनीवर हतियारं मांडली तवा तुमचा ठसाबी मांडला होता मी. त्याले हळदकुंकू लागलं. पुजलेलं हतियार सालभर मोडत नसते आमच्यात. दुसरा करून देतो, पंधरा दिस द्या.” आणि तो ठसा त्यानं फडक्यानं पुसून मला परत दिला, चूक पूजेला बसली तर तीही देवाचीच अशा थाटात. मी तो पदरात गुंडाळून परतले. रस्त्यात जटपुऱ्याच्या वेशीखाली बैलगाड्या अडकल्या होत्या, धुरळा होता, आपला जिल्हा दुसऱ्या राज्यात जाणार म्हणून कुणी तावातावानं बोलत होतं, आणि मी मनात मोजत चालले होते: कुंपणावरच्या वेलीचं फूल, पाच. चाफा, पाच. परसातला कांदा फुलला होता त्याचं फूल, सहा. बघ, माझ्याच परसात सहा होतं आणि मी कधी वाकून पाहिलं नाही.

पण मी त्या पाकळ्यांना घाबरले नव्हते. मी त्या ‘हो’ला घाबरले होते. तेच ‘हो’ पाच वर्षांपूर्वी मी यांना म्हटलं होतं, आणि त्याला तर कुठला लोहारही नव्हता. छातीचा आजार. डाक्टरनं मला बाहेर पडवीत बोलावलं, हात धुता धुता सांगितलं की दिवाळी दिसेलसं वाटत नाही. मी आत आले. हे उशीला टेकून बसले होते, बोटांवर अजून खळ वाळलेली. यांनी विचारलं, “काय म्हनला? बरा होईन ना मी?” आणि मी म्हणाले, “हो.” विचार करून नव्हे. पदर सावरावा तसं आलं ते तोंडात. यांचा एक धाकटा भाऊ आहे, दसरू, सिरोंच्याला गोदावरीकाठी शेती करतो. आईच्या तेरवीच्या पंगतीत कुणाचं पान आधी मांडायचं यावरून दोघांत जे बिनसलं ते अकरा वर्षं. हे म्हणायचे, बरा झालो की पहिले सिरोंच्याले जाईन. आणि बरे तर व्हायचंच होतं, बायको म्हणाली होती. दिवाळीच्या चार दिवस आधी हे गेले. दसरू चौदाव्या दिवशी आला, ओसरीवर बसला, पाण्याला शिवला नाही. “एक कागद काऊन नाई टाकला, वहिनी?” एवढंच म्हणाला. त्याच्या त्या प्रश्नावर मी आजवर जेवते, झोपते, पुस्तकं शिवते. मी नाही म्हटलं असतं तर यांनी कागद टाकायला लावला असता, भाऊ आला असता, दोघं एका खाटेवर बसले असते. ते सगळं माझ्या एका ‘हो’नं खाल्लं. वाळवी पुस्तकाची पाठ खाते तसं, बाहेरून काही दिसत नाही.

तेव्हा गप राहणं मला जमण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुणवंतरावांना न विचारता रजा टाकली आणि मूलच्या मोटारीत बसले. धान कापणीला आलं होतं, खिडकीतून तो गोडसर, ओलसर वास येत होता, आणि एरवी आवडणारा तो वासही आज नकोसा वाटत होता. शेजारी एक म्हातारी कोंबडी मांडीवर घेऊन बसली होती. मी मनात वाक्यं जुळवत होते. बाई, माझी चूक झाली. नाही, बाई, पुस्तकात असं लिहिलं आहे. नाही. बाई, मला माहीत नव्हतं. हेच खरं होतं आणि हेच जिभेवर चढत नव्हतं. चाळिशी उलटलेल्या बाईला चार शब्द म्हणता येऊ नयेत? मूल गाव मागे पडलं, जंगल लागलं, सागाची पानं धुळीनं तांबडी झालेली, आणि मी तेच चार शब्द जपमाळेसारखे ओढत होते.

दवाखान्याच्या पडवीत रांग होती. मारगीबाई एका पोराचा डोळा धूत होती. मला पाहून तिनं ओल्या हातानंच बसायची खूण केली. मी बसले नाही. उभ्यानंच पदरातून ठसा काढला, मेजावर ठेवला, वाचनालयाचं पुस्तक त्या पानावर उघडून शेजारी ठेवलं आणि म्हणाले, “बाई, मले बर्फ माहीत नव्हतं. मी खोटं म्हनली होती. बर्फाले सहा राह्यते. मी आठ केले, दोनशेच्या दोनशे.” रांगेतल्या बाया माझ्याकडे पाहू लागल्या. मारगीबाईनं पोराचा डोळा पुरा धुतला, पट्टी बांधली, मग हात पुसत आली आणि चित्रावर बोट ठेवून मोजलं. मग ठशावर बोट ठेवून मोजलं. पुन्हा चित्रावर. तिचे ओठ तिच्या भाषेत हलत होते.

“सहा,” ती म्हणाली. “हो वं. सहा राह्यते.” आणि मटकन स्टुलावर बसली. “वच्छला, मी दोनशे कार्डावर सही केली. एक एक हातात घेतलं, एक एक पाह्यलं. पाहून रडली बी. मले काई वेगळं दिसलं नाई. सतरा वर्षं झाले. बर्फ कसं राह्यते ते मी भुलली.” क्षणभर तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता ही खरंच रडणार आणि याचं पाप माझ्या माथी. पण ती हसायला लागली, खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर, आणि रांगेतल्या बायाही काही न कळता हसू लागल्या.

“आता कराचं काय?” मी विचारलं. “पत्रू पंधरा दिवस मांगते.”

“काय कराचं? कार्डं परवाच गेली डाकेत. आता समुद्रात असतीन नाई तं मुंबईत.”

गेली. ऐकलं आणि मी तिथेच जमिनीवर बसले. काही करण्यासारखं उरलंच नव्हतं. मी एवढा आटापिटा केला, मालकाला दुखवलं, लोहाराला छळलं, वाटभर वाक्यं रचली, आणि आठ पाकळ्यांची दोनशे फुलं आपली निवांत बोटीकडे निघालीही होती. आणि मी तरी सांगितलं होतं. दोन्ही गोष्टी एकदम झाल्या. छातीवरचं दगडी जातं कुणी तरी दोन हातांनी उचलून बाजूला ठेवावं तसं वाटलं, श्वास थेट पोटापर्यंत गेला.

तिनं मला चहा दिला, गुळाचा, काळा. म्हणाली की पत्र लिहिते सगळ्यांना, ज्या बाईनं ही फुलं केली तिच्या देशात बर्फाला आठ पाकळ्या असतात असं. मग गंभीर होऊन बोलली, “पन मले सांगाचं होतं, मालूम नाई म्हनून.”

“जमत नाई मले. तोंडातून हो निघून जाते. खोटं हो.”

मारगीबाई पडवीकडे पाहत हळू आवाजात म्हणाली, “मी नवी आली तवा मले तुमचे तीनच शब्द येत होते. पानी, औषध अन् हो. एक सोमारी म्हनून बाई होती, गोंडाची, जंगलातल्या गावची. पोराले पाठीवर बांधून आनलं तिनं, अंग इस्तवासारखं तापलेलं. तिनं मले इचारलं, पोरगा वाचन का, बाई? मले काय समजते? मी हो म्हनली. दुसऱ्या रोजी पहाटे पोरगा गेला. मंग मले कोनीतरी सांगतलं, ती काय इचारत होती ते. पुढच्या साली सोमारी परत आली, लहान पोरगी घेऊन. मी तोंड लपवत होती. तं ती बोलली, बाई, तुमी हो म्हनल्या म्हनून मी त्या दिवशी त्याले मांडीवर घेऊन गानं म्हनलं. नाई म्हनल्या असत्या तं मी रडत बसली असती, अन् पोराच्या कानात माह्यं रडनं गेलं असतं.”

रांगेतलं एक मूल खोकलं. ती उठली. “बर्फाचं इचारलं तं नाई म्हनाचं,” जाता जाता म्हणाली. “बाकीचं मलेबी अजून समजत नाई. पुढच्या साली सहाचं कर. नमुना मीच येऊन पाहीन, तुह्या मालकाले सांगजो.”

परतीच्या मोटारीत मला खिडकी मिळाली. मालक उद्या तोंड वाकडं करतील, करू देत. दोन दिवस करतील आणि मग पुढच्या सालच्या कार्डांचं ऐकून सरळ करतील, मी त्यांना ओळखते. कापणीच्या बाया बांधाबांधानं घरी निघाल्या होत्या, एकीच्या डोक्यावर पेंढी, मागे शेळी. मला कडकडून भूक लागली होती. आणि तेव्हा, मूलच्या जंगलात, काही कारण नसताना, मला यांची ती दुपार आठवली, जी पाच वर्षं माझ्या आठवणीतच नव्हती. मी विचारलं होतं. खरंच विचारलं होतं. डाक्टरनंतर महिन्याभरानं, पाय चेपता चेपता मी म्हणाले होते की दसरू भावजींना एक कागद टाकू का. हे एकदम उठून बसले. “कागद नोको. कागदानं काय होते? मी जाईन. उभा राहीन दारात, काई बोलनार नाई. त्याचं तोंड पाह्याचं हाय मले.” आणि मग रोजच सुरू झालं ते, खाटेवर पडल्या पडल्या. आलापल्लीला मोटार बदलावी लागेल, पुढे रस्ता फुटला असेल तर बैलगाडी. सकाळी पोचायचं, तो गोठ्यात असताना. मागून हाक मारायची नाही, नुसतं खाकरायचं. कधी तो मिठी मारायचा, कधी तो दार लावून घ्यायचा, कधी त्याची बायको आधी बाहेर यायची आणि सगळा बेत फिसकटायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. ताप उतरला की हे निघायचे, चढला की वाटेत थांबायचे. चार महिने हा माणूस रोज सिरोंच्याला जाऊन येत होता. माझ्या ‘हो’नं त्याचं काही खाल्लं नव्हतं, ती त्याची वाटखर्ची होती. हे गेले त्याच्या आदल्या दुपारीसुद्धा यांनी मला दसरूचं तोंड करून दाखवलं, उघडं, वासलेलं, हातात शेणाची पाटी धरल्याचा आव आणून, आणि हसले होते. खोकला येईपर्यंत हसले होते.